मुराळी मेजर

माझ्या घरात एक खुर्ची आहे. कडुलिंबाच्या लाकडाची, बिनहाताची, पाठ जरा मागे झुकलेली. तिच्यावर दुसरं कुणी बसलं की थोड्याच वेळात उठतं. उंच माणसाचे गुडघे वर येतात आणि बुटक्याचे पाय लोंबकळतात. माझे मात्र दोन्ही तळवे बरोबर जमिनीला टेकतात, आणि दिवसभर वाड्या-वस्त्या फिरून कंबर जिथे दुखते तिथेच पाठीचा टेकू येतो. माझ्या नवऱ्यानं एकदोनदा तिच्यावर हक्क सांगून पाहिला आणि नाद सोडून दिला. ही खुर्ची ज्यांनी केली ते मेजर आता नाहीत. संध्याकाळी हातात चहा घेऊन तिच्यावर बसले की त्यांची फार आठवण येते. कधी कधी इतकी येते की चहा निवून जातो.

मी नर्स. नोकरीची बरीच वर्षं साखऱ्याजवळच्या एका लहानशा गावात, उपकेंद्रात गेली. उपकेंद्राच्या इमारतीत राहायची खोली होती, पण तिथे माझ्याआधी उंदीर राहायला आलेले होते आणि त्यांची बदली होत नसते. म्हणून मी गावात खोली शोधली आणि मेजरांच्या घरी एकटीच भाडेकरू झाले; नवऱ्याची नोकरी दुसऱ्या गावाला.

आमच्या भागात फौजेतून पेन्शन घेऊन आलेला जो तो मेजरच असतो. हे खरं तर हवालदार म्हणून निवृत्त झालेले. नव्या माणसाला ते स्वतःच सांगत, "मेजर न्हाई, हवालदार. मेजर खुर्चीवर बसतो, हवालदार खुर्ची आणून ठेवतो." पण गावानं त्यांना बढती दिली ती दिली. साठी ओलांडलेला, उंच, काटक माणूस. मिशी पांढरी, डोक्यावर फौजेतली जुनी लोकरी टोपी, ती भर उन्हाळ्यातही. पहाटे उठून अंगण झाडायचे, आणि मग बुटांना पॉलिश. ते बूट घालून कुठे जायचं नसायचं. पॉलिश झालं की बूट पुन्हा कोनाड्यात जात आणि मेजर अनवाणी लाकडाकडे वळत.

पहिल्याच सकाळी मी ओसरीच्या पायरीवर बसून चहा पीत होते, तर हे हातात सुतळी घेऊन समोर उभे. काही न विचारता सुतळीचं एक टोक माझ्या टाचेजवळ धरलं, दुसरं गुडघ्यापर्यंत नेलं, गाठ मारली आणि "बराबर" म्हणून निघून गेले. मला राग आला. लोकांची मापं घ्यायचं काम माझं, लेकरांचं वजन मी करते, आणि हा कोण माझं माप घेणारा?

आतून त्यांच्या बायकोचा, गंगूकाकूंचा आवाज आला, "शिस्टरबाई, घाबरू नका. तुमचं तिरडीचं माप न्हाई घेऊन राहिले. खुर्ची करायलेत."

काकूंची जीभ अशी. त्या बोलल्या की मेजर हसत आणि मेजर गप्प राहिले की काकू बोलत, असा त्यांचा संसार चालायचा.

फौजेत मेजर पूल बांधणाऱ्या तुकडीत होते. तिथे करवत, रंधा, पटाशी हाताला लागली आणि निवृत्तीनंतर तोच छंद जडला. गावातले नागोराव सुतार त्यांच्या वयाचे, बालमित्र. ते येऊन समोर बसत आणि टोमणे मारत, "अरे, रंधा हाय तो, बंदूक न्हाई. खांद्याला काहून लावतूस?" मेजर म्हणत, "तू तुझे तिफण-वखर बघ." मग दोघं मिळून बिडी ओढत. मेजरांच्या वस्तूंना दुकानातली तुकतुकी नसे. पाटाची एक कड जाड, स्टुलाचा एक पाय किंचित फेंगडा. पण प्रत्येक वस्तू कुणा एका माणसासाठी केलेली असे आणि त्या माणसाच्या अंगाला बसे. नागोरावांच्या आईसाठी केलेली बाज तिला पाय खाली सोडून उठता येईल इतकीच उंच होती. म्हातारी म्हणायची, "मला उठवाया आता सुनेला हाक मारावी लागत न्हाई, आन् त्याचंच सुनेला वाईट वाटतंय." घाई केली की मेजर एकच सांगत, "घाई सायबाला असती. लाकडाला नसती."

पण त्यांच्या मापाचं एक गुपित होतं. समोर असलेल्या माणसाचं माप ते चोख घेत. समोर नसलेल्याचं माप मात्र हटकून चुकायचं.

घरात ओसरीच्या कोपऱ्यात एक छोटंसं टेबल आणि खुर्ची होती. काकू त्या खुर्चीवर बसून तांदूळ निवडत, तेही कसंबसं अंग चोरून. मी विचारलं, ही कुणा नातवाची का? काकू पोट धरून हसायला लागल्या. ती त्यांच्या मुलाची, संतोषची. मेजर पेन्शनीवर येणार होते तेव्हाच त्यांनी शेवटच्या ठाण्यावर फावल्या वेळात खुर्चीचे भाग करून ठेवले आणि ट्रंकेत घालून आणले. घरी येऊन अंगणात मोठ्या दिमाखात जोडले आणि पोराला हाक मारली. पोरगं मिसरूड फुटलेलं, उंचीनं बापाच्या कानाला लागलेलं. ते त्या खुर्चीवर बसलं तर गुडघे हनुवटीला.

"ह्यायच्या डोक्यात लेकरू तिसरीतच ऱ्हायलं," काकू म्हणाल्या. "दर साली सुट्टीवर येत व्हते, बघत व्हते. पर बघितलेलं ध्यानात ऱ्हाया माणूस जवळ असाया लागतंय."

मेजर रंधा मारता मारता शांतपणे म्हणाले, "लेकरू वाढलं तव्हा मी सुट्टीवर नव्हतो."

हे त्यांचं पालुपद होतं. गावातली कुठलीही जुनी गोष्ट निघाली, कुणाचं लग्न, कुठला दुष्काळ, कोणत्या साली ओढ्याला पाणी आलं आणि कुणाचे बैल वाहून गेले, की मेजर ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "तव्हा मी सुट्टीवर नव्हतो." लोक हसत. मीही हसायची. त्यांची आई गेली तेव्हाही ते सुट्टीवर नव्हते. हे कळल्यावर मला ते वाक्य ऐकून पहिल्यासारखं हसू आलं नाही.

संतोष आता पुण्याला कंपनीत आहे. दिवाळीला येतो, चांगला वागतो, जाताना बापाच्या पाया पडतो. पुण्याच्या घरासाठी मेजरांनी त्याला एक मोठी खुर्ची केली होती, या वेळी नीट सुतळी लावून, गाठ मारून. त्यानं ती गाडीच्या टपावर बांधून नेली. मेजर रस्त्यापर्यंत गेले आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत खुर्चीकडेच बघत होते.

घरापुढच्या अंगणात मधोमध एक मोकळी जागा होती. तिथे मेजर शेळी बांधू देत नसत, सरपण टाकू देत नसत, सोयाबीनची पोतीसुद्धा उतरवू देत नसत. टेम्पोवाला म्हणायचा, एवढी ऐसपैस जागा सोडून माल कडेला काहून लावता? मेजर पोती कडेलाच लावून घेत. आणि शेळ्यांच्या गोठ्याच्या आडोशाला ताडपत्रीखाली कडुलिंबाचा एक जाडजूड ओंडका झाकून ठेवलेला होता. बाकीच्या लिंबाच्या फळ्या पत्र्याखाली रचलेल्या होत्या, त्यातूनच पाट आणि खुर्च्या होत. ओंडक्याला मात्र हात नाही. शेळ्यांना तो फार आवडायचा. ताडपत्रीवर चढून त्या गावाकडे बघत उभ्या राहत. एकदा मी विचारलं, "हा का ठेवलाय तसाच?"

"लोखंड हाय त्याच्यात," मेजर म्हणाले. "करवत मोडती."

पुढचं मला काकूंनी सांगितलं, एका दुपारी, मेजर शेताकडे गेले असताना.

त्या मोकळ्या जागेत कडुलिंबाचं मोठं झाड होतं. मेजरांना एकच बहीण, कौसा. यांच्याहून बरीच लहान. वडील लवकर गेले, तर बापाच्या जागी हेच. नागपंचमीला त्या झाडाला झोका बांधत. कौसाला फांदीपर्यंत चढता येत नव्हतं म्हणून यांनी, फौजेत जायच्या आधी, बुंध्यात लोखंडी मेखा ठोकून तिला पायऱ्या करून दिल्या होत्या. मग हे भरती झाले, तिचं लग्न शिरड शहापूरला झालं. आईच्या शेवटच्या दिवसांत जमिनीची वाटणी निघाली, तेव्हा कौसानं आपला वाटा हसत भावाला सोडला. आई म्हणाली, लेकीला माहेरात काहीतरी स्वतःचं असावं. झाड तुझं. चार माणसांदेखत म्हणाली.

"आन् तव्हा मेजर सुट्टीवर नव्हते," मी म्हटलं.

"नव्हते. पेन्शनीवर आल्यावर नवं घर बांधाया घेतलं. पायाच्या मधी झाड यायलं. ह्यायनं तोडलं. बुडखासुद्धा खणून काढला."

"तुम्हाला माहीत होतं ना काकू? मग?"

काकूंच्या हातातलं सूप थांबलं. "मला वाटलं, बहिणीला इचारलंच असंल. समद्या गावाला तसंच वाटलं. भाऊ बहिणीला इचारल्याबिगर कशाला तोडतोय?"

त्या वर्षी पंचमीला कौसाबाई माहेरी आल्या. फाटकातून आत पाऊल टाकलं, झाडाच्या जागी खड्डा पाहिला आणि तशाच मागे फिरल्या. काकू पाण्याचा तांब्या घेऊन मागं धावल्या, पण त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. माहेरवाशीण उंबऱ्यावरून पाणी न पिता परत गेली, याहून मोठं काही आमच्याकडे घडायचं राहत नाही. त्यानंतरच मेजरांना शेजाऱ्यांकडून कळलं की झाड तिचं होतं. त्यांनी घराचा पाया बाजूला सरकवला. चौकटीला, आढ्याला त्या लिंबाची एक ढलपी लावली नाही. झाड कापायला नेलं तेव्हा गिरणीवाल्यानं बुंध्यातल्या मेखा पाहून तो ओंडका परत पाठवला होता. तो ताडपत्रीखाली गेला आणि फळ्या पत्र्याखाली. सुतारकीचं खरं वेड तेव्हापासूनचं.

आणि तेव्हापासून दर वर्षी पंचमीच्या आधी मेजर मुराळी म्हणून जात. सासरच्या लेकीला माहेरी आणायला जो जातो तो मुराळी. एरवी पोरसवदा भाऊ नाहीतर भाचा जातो, पण हे स्वतः जात, तेच पॉलिश केलेले बूट घालून. वर्षभर त्या बुटांना का जपत होते ते मला तेव्हा कळलं. बहीण जेवू घालायची. येत नसे.

एका वर्षी मी सुट्टी घेऊन औंढ्याला माझ्या माहेरी निघाले होते. रस्ता तोच, म्हणून मेजर म्हणाले, "चला शिस्टर, माझ्या बहिणीकडला च्या पिऊन मागं या." हातात लिंबाचा नवा पाट, पोत्यात गुंडाळलेला. हिंगोलीच्या स्टँडवर कंडक्टरनं अडवलं. "आजोबा, ये फर्निचर का लगेज लगेगा."

"फर्निचर न्हाई, आहेर हाय."

"आहेर मांडीवर घेऊन बसा मग."

मेजर औंढ्यापर्यंत आणि तिथून पुढे शिरडपर्यंत तो पाट मांडीवर घेऊन ताठ बसले. बाजूला दाटीनं उभ्या असलेल्या एका बाईनं आपल्या लेकराला त्या पाटावर टेकवलं. मेजरांनी लगेच पोराच्या पायाचं माप डोळ्यांनी घेतलं, मी पाहिलं.

कौसाबाईंचं घर म्हणजे ऐन गावात शेळ्यामेंढ्यांनी भरलेलं अंगण. बाई भावासारखीच उंच, कपाळ रुंद, बोलणं मोजकं. आम्ही गेलो तशा उठल्या, भावाच्या पायावर पाणी घातलं, पाया पडल्या. "दादा, बरा हाईस का? वहिनी बरी हाय का?" सगळं रीतीप्रमाणं. भिंतीला लागून मेजरांनी आजवर नेलेल्या वस्तू होत्या. स्टुलं, चौरंग, एक बुटका बाक. सुना त्यांवर बसून भाकरी थापत होत्या, नातवंडं चढत-उतरत होती, एका चौरंगावर करडू झोपलं होतं. कौसाबाई मात्र आमच्यासमोर गोणपाट टाकून भुईवर बसल्या. नवा पाट त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, बघितला आणि सुनेच्या हातात दिला.

जेवणं झाली. मेजर हात धुऊन म्हणाले, "कौशे, पंचमी आली. चल."

"कामं हाईत दादा. निंदण राह्यलंय."

"बरं," मेजर म्हणाले. दर वर्षी एवढंच बोलणं होत असणार. दोघांनाही ते पाठ होतं. मग मेजर तिच्या शेळ्या बघायला गोठ्यात गेले.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मावशी, किती दिवसांचा हा राग? एका झाडाचाच ना?"

कौसाबाईंनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. "झाडाचा राग न्हाई बाई. जमीन सोडली मी, तिथं झाडाचं काय घेऊन बसलात? मला इचारलं असतं, कौशे, घर बांधायलोय, झाड तोडू का, तर मीच म्हणले असते, तोड. कुऱ्हाडीला हळदकुंकू लावून देले असते. पर इचाराया तर पायजे का न्हाई? एकच गोष्ट मला इचाराया लागंल अशी माय ठेवून गेली व्हती. तीबी कोनी इचारली न्हाई."

मला सांगावंसं वाटलं की त्यांना माहीतच नव्हतं हो. तोंडाशी आलं होतं. पण तेवढ्यात मेजर गोठ्यातून आले. परत येताना रस्त्यावर मी त्यांना म्हणाले, "तुम्ही सांगत का नाही? सगळ्या गावाला ऐकवता, सुट्टीवर नव्हतो, सुट्टीवर नव्हतो. जिथं सांगायला हवं तिथंच गप्प बसता."

मेजरांनी वाकून बुटावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "मायनं देलं तव्हा मी नव्हतो, हे खरं. पर झाड तोडलं तव्हा तर मी घरीच व्हतो ना."

त्यानंतर मी त्यांच्यापुढे तो विषय काढला नाही.

शेवटच्या वर्षी उन्हाळ्यात त्यांनी ताडपत्री काढली. शेळ्यांची बसायची सोय गेली आणि मेजर त्या ओंडक्याला भिडले. काय करताय विचारलं तर म्हणाले, "बंगई." बंगई म्हणजे आमच्याकडचा झोपाळा, साखळ्यांना टांगलेली रुंद फळी. ओंडका मशीनवर जाणार नव्हता, म्हणून हातकरवतीनं. नागोराव दुसऱ्या टोकाला. करवत मेखेला लागायची, किंचाळायची, नागोराव शिव्या घालायचे. "ह्या मेखा कोन्या गाढवानं ठोकल्या रे?"

"म्याच ठोकल्या," मेजर म्हणायचे आणि पुन्हा करवत धरायचे.

मेखा लाकडानं पुऱ्या गिळल्या होत्या. मेजरांनी पटाशीनं एकेक मोकळी केली. एक मात्र राहू दिली, फळीच्या एका कडेला, अंगठ्याएवढं काळं टोक दिसेल अशी. मोकळ्या जागेत बाभळीचे चार खांब रोवले, वर पत्रा घातला आणि बंगई टांगली. मी विचारलं, "बसू का?" तर चटकन म्हणाले, "न्हाई." आणि मग मला वाईट वाटलं असेल म्हणून, "तुमचं माप न्हाई ते."

काकूंनाही बसू दिलं नाही. त्या म्हणाल्या, "बसत न्हाई बाबा, तुमच्या बहिणीच्या गादीवर मला कशाला जागा?" पण रोज सकाळी अंगण झाडल्यावर फळी पुसायच्या त्याच.

आषाढात मेजरांच्या छातीत कळ आली. नांदेडला नेलं, आठवडाभर ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलं, प्रवास नाही, करवत नाही, कसलाही जोर लावायचा नाही. घरी आले ते निम्मे होऊन. मी सकाळ-संध्याकाळ बीपी बघायची. पंचमी जवळ आली तसे ते बेचैन झाले. बूट काढून पॉलिश करायला बसले. मी बूट उचलून कोनाड्यात ठेवले.

"मेजर, फोन करा की बहिणीला. संतोष एवढा चांगला फोन देऊन गेलाय."

"मुराळी फोनवर जातो का?" ते चिडून म्हणाले. माझ्यावर त्यांनी कधी आवाज चढवला असेल तर तो तेवढाच.

मग संतोषला पाठवू का, नागोरावांना पाठवू का, असं काकूंनी विचारून पाहिलं. मेजर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. संध्याकाळी चुलीपुढे काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "शिस्टरबाई, म्या फोन केला कौसाला. छातीचं सांगितलं. आन् ते दुसरंबी सांगितलं, इतक्या सालात न सांगितलेलं. ह्यायला कळू देऊ नका."

"काय म्हणाल्या त्या?"

"काईच न्हाई. ऐकून घेतलं आन् फोन ठेवला."

त्याच सुमारास माझ्या बदलीची ऑर्डर आली होती, औंढ्याकडेच. बरी बदली, घराजवळची, सगळे म्हणाले नशीब काढलंस. मला मात्र सामान बांधताना गलबलून येत होतं. पंचमीच्या दिवशी सकाळी टेम्पो आला. गाद्या, भांडी, कपाट चढलं. माझी खुर्ची सगळ्यात वर, दोरीनं आवळून. मेजर ओसरीवर टेकून बसले होते आणि गाठ कशी मारायची ते टेम्पोवाल्याला तिथूनच सांगत होते. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "खुर्चीला वाळवी लागायची न्हाई. लिंब हाय. तुमी बिनघोर ऱ्हा."

एवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. कौसाबाई उतरल्या. हातात पिशवी, अंगावर नवी हिरवी साडी. त्या फाटकात उभ्या राहिल्या, त्याच जागी जिथून मागे फिरल्या होत्या. मेजर उठायला गेले आणि उठता येईना. काकू पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या, पुन्हा एकदा. कौसाबाईंनी या वेळी तांब्या घेतला, चूळ भरली आणि उभ्या उभ्याच घटाघटा पाणी प्याल्या. काकूंनी पदर डोळ्याला लावला.

"मुराळी आला न्हाई," कौसाबाई भावाला म्हणाल्या. "म्हून मुराळ्याला बघाया आले."

त्या ओसरीच्या पायरीपाशी आल्या.

"ठाऊक नव्हतं तुला. इतके साल बोलला काहून न्हाईस, दादा?"

"ठाऊक नव्हतं म्हणलं तर झाड येतंय का परत?" मेजर म्हणाले. "इचाराया पायजे व्हतं. ठाऊक असो का नसो. बहीण व्हतीस तू."

कौसाबाई वळल्या आणि बंगईपाशी गेल्या. फळीवरून हात फिरवला. कडेच्या काळ्या टोकावर बोट थांबलं. त्यांनी ते दाबून पाहिलं, वाकून पाहिलं, आणि मग तिथेच, आपल्या उंच अंगाला सावरत, बंगईवर बसल्या.

आणि मेजरांचं माप चुकलं होतं. बंगई इतकी खाली टांगली होती की कौसाबाईंचे गुडघे वर आले, पाय भुईवर फरफटले. साठीला आलेली, नातवंडांची आजी अंगाचं मुटकुळं करून बसली होती. काकू म्हणाल्या, "अगं बया! ह्यायनं पुन्ना तेच केलं!" टेम्पोवाला हसला. मेजर भिंतीला धरून धरून खाली आले. त्यांचा चेहरा पडला होता. साखळीची कडी चाचपत पुटपुटायला लागले, "वर घेतो. दोन कड्या वर घेतो. चुकलंच."

"ऱ्हाऊ दे," कौसाबाई म्हणाल्या. "तू फौजेत गेलास तव्हा मी एवढीच व्हते."

त्यांनी साडी सावरून पाय बंगईवर घेतले आणि मांडी घालून बसल्या.

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मी चढले. बसता बसता मागं वळून बघितलं ते शेवटचं. त्या हिवाळ्यात मेजर गेले आणि मला त्यांना पुन्हा बघता आलं नाही. पण ते मला अजून दिसतात ते तसेच. कौसाबाईंच्या मागं उभे, दोन्ही हातांनी साखळ्या धरलेले, डोक्यावर लोकरी टोपी. डॉक्टरांनी जोर लावू नका म्हणून बजावलं होतं आणि ते ओरडून सांगायचं काम माझंच होतं. मी तोंड उघडलं नाही, कारण त्यांनी अजून साखळी हलवली नव्हती. बहिणीच्या खांद्यावरून पुढं वाकून ते काहीतरी विचारत होते, आणि टेम्पो सुरू व्हायच्या आत मला ते ऐकू आलं.

"कौशे, झोका देऊ का?"

"दे," कौसाबाई म्हणाल्या.